कॅमेरा घडवणारा चित्रकार : बाबूराव पेंटर

मराठी सिनेमाचा पहिला मोठा माणूस कोण असं विचारलं तर दादासाहेब फाळके हे नाव सगळेच सांगतात. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला तेव्हापासून तर ते शाळेतल्या पोट्ट्यांनाही माहीत आहे. दुसरं नाव येतं व्ही. शांताराम यांचं. पण या दोघांच्या मध्ये एक माणूस उभा आहे. फाळक्यांचा सिनेमा पाहून तो पेटला आणि शांताराम त्याच्या हाताखाली शिकले. त्याचं नाव बाबूराव पेंटर. त्यांच्यावर लिहायचं ठरवलं, कारण आपण जे शिकतो आहोत त्याच्याशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे. या माणसाने सिनेमा काढायला कॅमेरा नव्हता म्हणून कॅमेराच बनवला. डिग्री नव्हती, गाईड नव्हता, इंटरनेट तर सोडाच.

त्यांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घर कारागिराचं. वडील कृष्णराव यांचा हात सुतारकामात, लोहारकामात बसलेला होता, त्यामुळे रंधा, छिन्नी, हातोडी ही मुलाची खेळणीच होती म्हणायला हरकत नाही. चित्रकला आणि शिल्पकला बाबूराव कोणत्याही आर्ट स्कूलमध्ये शिकले नाहीत. बघून, करून, बिघडवून परत करून शिकले. कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांचं राज्य होतं. गाणारे, नाटकवाले, चित्रकार, पैलवान अशा सगळ्यांना तिथे आश्रय होता. अशा गावात हुशार हाताला काम कमी पडत नसे.

बाबूरावांना आणि त्यांचे भाऊ (सख्खे नाही, नात्यातले) आनंदराव यांना काम मिळालं ते नाटकाचे पडदे रंगवण्याचं. साधारण १९१० ते १९१६ हा तो काळ. संगीत नाटकं जोरात होती. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या कंपन्या आणि पारशी-गुजराती नाटकमंडळ्या असे मोठे मोठे गिऱ्हाईक त्यांना मिळाले. दोघं भाऊ पडदे इतके सुंदर रंगवत की लोकांनी त्यांना पेंटर म्हणायला सुरुवात केली आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडलं.

पडदा म्हणजे काय हे आपल्या भागात समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीनंतर धान निघू लागले की मंडईच्या निमित्ताने गावोगावी झाडीपट्टीची नाटकं लागतात आणि रात्रभर चालतात. शहापूरच्या आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या मुलांनी ती लहानपणापासून पाहिली आहेत. मागे महाल रंगवलेला असतो, जंगल असतं, रस्ता असतो. सीन बदलला की एक पडदा वर जातो आणि दुसरा खाली येतो. समोर माणूस खरा, मागचं झाड कापडावरचं. नाटकात हे आपल्याला खटकत नाही, कारण आपण एका जागेवर बसून बघत असतो आणि पात्रं बोलत, गात असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे बाबूरावांच्या सगळ्या विचाराची सुरुवात इथूनच होते.

१९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहिल्यावर दोघा भावांना दुसरं काही सुचेना. त्यांनी मुंबईहून एक प्रोजेक्टर मिळवला आणि सिनेमाचे खेळ करायला लागले. पोटासाठी धंदा झाला आणि अभ्यासही झाला. रोज रात्री तीच यंत्रणा हाताखालून जायची. आनंदरावांनी कॅमेरा जुळवायला घेतला. पण १९१६ मध्ये आनंदराव अचानक वारले. जोडीतला एक गेला, कॅमेरा अर्धवट. बाबूरावांनी ते काम सोडून दिलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. त्यांचा पडद्यांचा धंदा चांगला चालत होता. पण त्यांनी सोडलं नाही. विष्णुपंत दामले नावाच्या आपल्या शिष्याला बरोबर घेऊन ते परत त्या लोखंडाच्या पेटीपाशी बसले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला.

हे वाक्य वाचायला सोपं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. फिल्म कॅमेऱ्यात फिल्म सलग पळत नाही. ती थांबते, शटर उघडतं, चित्र उमटतं, शटर बंद होतं, मग एक आकडी फिल्मच्या छिद्रात शिरून तिला बरोबर एक चौकट खाली ओढते आणि परत थांबवते. मूकपटांच्या काळी हे एका सेकंदात साधारण सोळा वेळा व्हायचं, तेही हाताने हँडल फिरवून. एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे एका सेकंदाला एक फूट फिल्म. कायनेमॅटिक्सच्या पेपरात आपण सलग फिरणाऱ्या गतीपासून थांबत-थांबत चालणारी गती कशी काढायची हे शिकतो, जिनिव्हा मेकॅनिझमची आकृती काढतो आणि सात मार्क घेतो. त्यांना ती आकृती पितळेत आणि लोखंडात कापायची होती.

आणि चूक किती चालते? आपणच हिशोब करून बघू. चौकटीची रुंदी सुमारे २४ मिलिमीटर. टॉकीजचा पडदा वीस फुटांचा धरला तर तो साधारण ६००० मिलिमीटर. म्हणजे चित्र अडीचशे पट मोठं होतं. फिल्म दर वेळी फक्त एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे थांबली, तर पडद्यावर चित्र एक इंच थरथरणार. सेकंदाला सोळा वेळा थरथरणार. लोक डोकं धरून उठून जातील. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसनचा कॅमेरा विकत आणला होता. बाबूरावांच्या वेळी पहिलं महायुद्ध चालू होतं, परदेशातून यंत्र मागवणं सोपं नव्हतं. त्यामुळे एक दशांश मिलिमीटरची ही लढाई कोल्हापुरातच लढावी लागली. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच आईची लेकरं, एक चित्र घेतो आणि दुसरा फेकतो. म्हणूनच रोज रात्री प्रोजेक्टर चालवलेल्या माणसाला ते जमलं असावं असं मला वाटतं.

याच सुमारास त्यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवलासाठी तानीबाई कागलकर या गायिका पुढे आल्या. सिनेमा म्हणजे काय हे धड कोणाला माहीत नसताना एका बाईने त्यात पैसा घातला, ही गोष्ट मला कॅमेऱ्याइतकीच मोठी वाटते. शाहू महाराजांचाही पाठिंबा होता. कंपनीत दामले होते, साहेबमामा फत्तेलाल होते, आणि १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगेलासा मुलगा आला. त्याआधी त्याने हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि थिएटरात पडेल ते काम केलं होतं. इथेही त्याला पडेल तेच काम होतं. तोच पुढे व्ही. शांताराम झाला.

पहिला चित्रपट 'सैरंध्री'. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात तो लागला. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना पाठ असलेली. द्रौपदी सैरंध्री नावाने दासी होऊन राहते, कीचक तिच्या मागे लागतो आणि भीम त्याला मारतो. नवीन काय होतं तर ते दाखवण्याची पद्धत. कीचकाचा वध बाबूरावांनी इतका खरा दाखवला की थिएटरात लोक हादरून गेले आणि शेवटी तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले.

'सैरंध्री'मध्ये बायकांची कामं बायकांनी केली होती. आज यात काय विशेष असं वाटेल. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं. फाळक्यांच्याच पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, म्हणजे बाबूराव या बाबतीत पहिले नव्हेत. पण ते ज्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते तिथे पुरुषच स्त्रिया होत होते आणि प्रेक्षक त्यावर जीव टाकत होते. ते सगळं जवळून पाहिलेला माणूस म्हणतो की माझ्या कॅमेऱ्यासमोर बाईच पाहिजे. त्यांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना घेतलं, त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली. दोघींना समाजाने वाळीत टाकलं. शेवटी त्यांना कंपनीच्या आवारातच राहावं लागलं. बाबूरावांच्या खरेपणाच्या आग्रहाची किंमत इथे दुसऱ्याच कोणीतरी मोजली, हेही लिहायला पाहिजे. त्यांच्यावरच्या लेखांत या दोघींना एकच ओळ मिळते.

आता मूळ मुद्द्यावर येते. बाबूरावांचा सिनेमाबद्दलचा विचार काय होता? तो त्यांच्या कामातूनच वाचावा लागतो, आणि कामात तो अगदी स्वच्छ दिसतो. सिनेमा ही डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे आणि डोळ्याला खोटं लगेच कळतं. त्यांनी पुढे जे जे केलं ते या एका गोष्टीतून निघालं.

सगळ्यात आधी त्यांनी पडदे काढून टाकले. महाराष्ट्रात सर्वांत चांगले पडदे रंगवणाऱ्यांपैकी एक माणूस, आणि त्यानेच आपल्या सिनेमात रंगवलेला पडदा नको म्हटलं! कॅमेऱ्यासमोर पडदा लावला की तो पडदाच दिसतो. पात्र त्याच्या जवळ गेलं की त्याची सावली महालावर, आकाशावर पडते. खांब गोल रंगवला असला तरी प्रकाश त्याच्याभोवती वळत नाही. तेव्हा बाबूरावांनी भरीव सेट उभे केले. खांब, भिंती, दारं, पायऱ्या, ज्यांच्या आत माणूस जाऊ शकेल, मागून येऊ शकेल. त्यांच्या कंपनीत हे काम करून शिकलेले दामले आणि फत्तेलाल पुढे प्रभातच्या भव्य सेटसाठी प्रसिद्ध झाले. शूटिंगच्या आधी बाबूराव प्रसंगाची चित्रं काढत. पोशाख, दागिने, पात्र कुठे उभं राहील, सगळं कागदावर. आज ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतात तेच. आपल्याकडे आधी ड्रॉइंग आणि मग जॉब, तसंच म्हणा ना.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. त्या काळची फिल्म फार मंद होती, तिला भरपूर ऊन लागायचं. त्यामुळे स्टुडिओला छप्पर नसे, वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचे. शिवाय तेव्हा सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल लुगडं काळं यायचं, आणि निळं आकाश पांढरं फटक. म्हणजे चित्रकाराने आयुष्यभर कमावलेलं रंगांचं ज्ञान इथे अर्धं उलटं करून वापरायचं. कोणता रंग किती काळा उमटेल हे आधीच डोळ्यांसमोर आणायचं.

१९२३ मध्ये त्यांनी 'सिंहगड' काढला. हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर. तानाजी गड चढला तो १६७० सालच्या फेब्रुवारीतल्या रात्री. आता रात्रीची लढाई भर दुपारी उन्हात घेतली तर ती कशी दिसेल? बाकीचे तसंच करत होते आणि प्रेक्षकही समजून घेत होते. बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचे प्रसंग घेतले. त्या काळात फिल्मला पुरेल एवढा प्रकाश म्हणजे कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून केलेले आर्क दिवे. धूर, आवाज आणि उष्णता यांचं त्रैराशिक. आपल्या देशात तेव्हा हे नवीनच होतं. शांताराम यात शेलारमामा झाले होते. पोरगेल्या वयात म्हाताऱ्याचं काम!

तिसरी गोष्ट पोस्टरची, आणि यात मला त्यांचा धंद्याचा मेंदू दिसतो. १९२१-२२ च्या सुमारासच त्यांनी चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका वाटायला सुरुवात केली. पोस्टर ते स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं त्यांचं पोस्टर हे आपल्या देशातल्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सिनेपोस्टरांपैकी एक मानलं जातं. 'कल्याण खजिना' हा शिवाजी महाराजांच्या इतिहासातला चित्रपट. तो विलायतेत वेम्बलीच्या प्रदर्शनातही गेला आणि त्याला बक्षीस मिळालं.

इथपर्यंत सगळं यशाचंच आहे. पुराण, इतिहास, टाळ्या. बाबूरावांनी पुढे आणखी दहा 'सिंहगड' काढले असते तरी चाललं असतं. त्यांनी १९२५ मध्ये काढला 'सावकारी पाश'.

या चित्रपटाची गोष्ट नारायण हरी आपटे यांची. (आधीचे हरी नारायण आपटे आणि हे नारायण हरी आपटे वेगळे, बरं का. माझाही आधी गोंधळ झाला होता.) एक शेतकरी सावकाराच्या कागदात अडकतो, जमीन जाते, आणि तो शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. एवढीच गोष्ट. देव नाही, राजा नाही, तलवार नाही. शेतकरी झाले होते शांताराम. १९२५ मध्ये पडद्यावर असं काही कोणी दाखवत नव्हतं. पण ते काल्पनिक अजिबात नव्हतं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात शिरून कर्जाचे कागद जाळले होते, त्यावर सरकारला १८७९ मध्ये कायदा करावा लागला. कायदा होऊनही पाश सुटला नाही. आपल्या विदर्भात तर हा विषय समजावून सांगण्यासाठी इतिहासाचं पुस्तक काढावं लागत नाही. सावकारीवर नवा कायदा महाराष्ट्राने २०१४ मध्ये केला, म्हणजे बाबूरावांच्या चित्रपटानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी.

या चित्रपटातला एक प्रसंग ज्यांनी पाहिला ते आयुष्यभर विसरले नाहीत. अंधार. एक उदास झोपडी लांबून दिसते. प्रकाश अगदी कमी. आणि एक कुत्रा तोंड वर करून रडतो आहे. बस्स. लक्षात घ्या, हा मूकपट आहे. कुत्र्याचा आवाज नाही. तरी प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला. घर बसलं, माणूस गेला, आता इथे कोणी नाही हे सांगायला ना पाटीवरचा मजकूर लागला ना छाती बडवणारी बाई. झोपडी, अंधार आणि उघडलेला जबडा. मला वाटतं बाबूरावांचा सगळा विचार या एका शॉटमध्ये आहे. डोळ्याला जे नीट दाखवलं ते कानाला आपोआप ऐकू येतं, असा त्यांचा विश्वास होता आणि इथे तो खरा ठरला.

चित्रपट मात्र चालला नाही. लोकांना देवादिकांचे चमत्कार पाहायची सवय होती. दिवसभर जे भोगतो तेच रात्री पैसे देऊन कशाला बघायचं, असा साधा सवाल असणार. बाबूरावही परत पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळले. जाणकार मात्र आजही भारतातला वास्तववादी सिनेमा मोजायला सुरुवात करतात ती 'सावकारी पाश'पासून. सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली' आला १९५५ मध्ये, तीस वर्षांनी.

मग १९२९ उजाडलं. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलावर १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. एका घरातले चारही कर्ते मुलगे एकदम वेगळे निघाले म्हणा. कोणाचं चुकलं यात मी शिरत नाही. बाबूराव मनासारखं झाल्याशिवाय पुढे न जाणारे कलावंत होते, आणि मुलांना पळायचं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

आणि लगेच दुसरा धक्का. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' लागला. सिनेमा बोलू लागला. प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला आणि पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बाबूरावांना मात्र बोलपटाचा आनंद झाला नाही. इतक्या वर्षांच्या कष्टाने डोळ्यांची जी भाषा तयार झाली ती आवाजाने नष्ट होईल, असं त्यांना वाटत होतं. महाराष्ट्र फिल्म कंपनीने बोलपट काढले नाहीत. कंपनी बंद पडली.

हे वाचून आपण सहज म्हणू की माणूस हट्टी होता, काळाबरोबर बदलला नाही. मीही आधी तसंच समजत होते. पण सुरुवातीचे बोलपट कसे बनत ते वाचलं तर त्यांची भीती कळते. मायक्रोफोन एका जागी लपवलेला, त्यामुळे नट त्याच्यापासून हलू शकत नाही. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये येते म्हणून कॅमेरा पेटीत बंद, म्हणजे तोही हलत नाही. पात्रं एका रांगेत उभी राहून बोलतात आणि गातात. पुन्हा नाटकच झालं की! ज्या माणसाने पडदे फाडून सिनेमाला नाटकातून बाहेर काढलं, त्याच्या डोळ्यांसमोर सिनेमा परत नाटकात जाऊन बसत होता. आणि असं वाटणारे ते एकटे नव्हते. चार्ली चॅप्लिनने बोलपट आल्यावरही १९३१ मध्ये 'सिटी लाइट्स' मूकच काढला.

तरीही मला वाटतं बाबूराव इथे घाबरले. कॅमेरा नाही म्हणून कॅमेरा बनवणाऱ्या माणसाला मायक्रोफोन का जड जावा? आवाज पकडणारं यंत्र उघडून त्याने त्याचाही डोळ्यांसारखा उपयोग करून दाखवला असता. तो वापर त्यांच्याच शिष्यांनी करून दाखवला. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा, १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. त्यात अभंग आहेत, गाणी आहेत, आणि तरी तो डोळ्यांनी बघायचा सिनेमा आहे. गुरूची भीती खोटी ठरवली ती गुरूच्याच शिकवणीने. वय हे कारण म्हणावं तर १९३१ मध्ये बाबूराव एक्केचाळीस वर्षांचे होते. मला वाटतं आनंदराव नव्हते, दामले नव्हते, शेजारी बसून यंत्र उघडायला कोणी उरलं नव्हतं, हे कारण मोठं असावं. हा अर्थात माझा अंदाज.

बोलपटात ते आले, पण पाहुण्यासारखे. १९३५ मध्ये 'उषा', १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा, या वेळी बोलता. १९३७ चा 'प्रतिभा' त्यांच्या टिकून राहिलेल्या थोड्या चित्रपटांपैकी एक. मोठे सेट, गर्दी आणि प्रकाश यांवर त्यांची पकड कशी होती ते त्यात दिसतं. बाकी वेळ ते पुन्हा ब्रश आणि मातीकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा त्यांच्याच हातचा.

१९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' आला, शांताराम यांच्या राजकमलचा. दिग्दर्शनासाठी शांतारामांनी आपल्या गुरूला बोलावलं होतं. शेवटी तो चित्रपट दोघांच्या नावावर लागला. तमाशाचा, डफाचा आणि लावणीचा चित्रपट, म्हणजे सगळा कानाचा कारभार! तो तुफान चालला. ज्या मुलाला कधीकाळी सैरंध्रीच्या कंपनीत काम दिलं, त्याच्या स्टुडिओत, त्याच्या पगारावर बाबूराव उभे होते, तेव्हा त्यांच्या मनात काय असेल याचा मी बराच विचार केला. त्यांचा शेवटचा चित्रपट 'विश्वामित्र' १९५२ मध्ये आला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर दहा वर्षांनी. तोपर्यंत फार उशीर झाला होता. जुनी फिल्म नायट्रेटची. ती पटकन पेट घेते, नुसती ठेवली तरी चिकट होऊन कुजते, आणि तिच्यातली चांदी काढून घ्यायला लोक ती विकूनही टाकत. बाबूरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला', 'सती सावित्री' अशा एखाद-दुसऱ्याचे भाग तेवढे हाती लागले. 'सैरंध्री' नाही. 'सिंहगड' नाही. १९२५ चा 'सावकारी पाश' नाही. ती झोपडी आणि तो कुत्रा आता फक्त पाहिलेल्यांच्या लिहिण्यात आहे, आणि ज्यांनी पाहिलं तेही राहिले नाहीत. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी जिथे होती त्या खरी कॉर्नरला त्यांच्या आठवणीसाठी एक कॅमेरा स्तंभ उभा आहे. कधी तिकडे अंबाबाईच्या दर्शनाला गेलात तर देवळापासून फार लांब नाही, चालत जाता येतं.